शुक्रावर एकदाच जाऊन भागत नाही

10 मे 2025 ला जवळजवळ अर्ध्या टनाचा टायटॅनियमचा एक गोळा अवकाशातून पृथ्वीवर पडला. रशियाच्या अवकाश संस्थेनं सांगितलं त्याप्रमाणे तो जकार्ताच्या पश्चिमेला, हिंदी महासागरात गेला. सोव्हिएत संघाचं कॉसमॉस 482 हे त्याचं नाव. 31 मार्च 1972 ला तो शुक्रावर उतरायला निघाला होता, पण वरच्या टप्प्याचं इंजिन वेळेआधी बंद पडलं आणि तो 53 वर्षं पृथ्वीभोवतीच घिरट्या घालत राहिला. त्याचं जुळं भावंड चार दिवस आधी, 27 मार्चला सुटलं होतं. ते व्हेनेरा 8. ते 22 जुलै 1972 ला शुक्रावर उतरलं आणि 50 मिनिटं माहिती पाठवत राहिलं. शुक्राच्या जमिनीवर दिवसा किती उजेड असतो, हे तेव्हा पहिल्यांदा मोजलं गेलं. आपल्याकडे श्रावणात ढग दाटून आल्यावर असतो साधारण तेवढा. म्हणजे तिथं फोटो निघू शकतो. तीन वर्षांनी पुढच्या यानांवर कॅमेरे गेले, त्यामागे ही मोजणी होती.

त्या वर्षी एकच यान पाठवलं असतं आणि ते नेमकं हे फसलेलं निघालं असतं, तर ही पायरी गळाली असती. शुक्राच्या बाबतीत असं पुन्हा पुन्हा झालेलं आहे. म्हणून आपल्या मोहिमेबद्दल आत्ताच बोलायला हवं. यान सुटल्यावर बोलणं म्हणजे वरातीमागून घोडं.

18 सप्टेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं इस्रोच्या शुक्र ऑर्बिटर (शुक्राभोवती फिरणारं यान) मोहिमेला 1,236 कोटी रुपये मंजूर केले. त्यातले 824 कोटी प्रत्यक्ष यानासाठी आहेत आणि उड्डाण मार्च 2028 मध्ये ठरलं आहे. मोहीम चांगली आहे, ती व्हायलाच हवी. माझी हरकत तिच्या आकड्याला आहे, आणि तो आकडा रुपयांचा नाही, यानांचा आहे. एक यान. मंजुरी एका यानाची नको, निदान तीन उड्डाणांच्या मालिकेची हवी. आणि त्या मालिकेची जमिनीवरची तयारी, म्हणजे शुक्रावरची उष्णता आणि दाब तयार करणारी चाचणीची भट्टी, आत्ता सुरू व्हायला हवी. ती ठाणे-बेलापूर पट्ट्यात उभी राहू शकते.

तीनच का, याचं उत्तर 1967 ते 1970 या चार वर्षांत आहे.

शुक्र आकारानं जवळजवळ पृथ्वीएवढा. त्याच्या ढगांखाली दलदल असेल, समुद्र असेल, असं 1960 च्या सुमारालाही जाणकार लोक मानत होते. 14 डिसेंबर 1962 ला अमेरिकेचं मरिनर 2 शुक्रापासून साधारण 35 हजार किलोमीटरवरून गेलं आणि उष्णता ढगांमधून नाही, खालून जमिनीकडून येते आहे, हे त्याच्या मायक्रोवेव्ह मापकानं दाखवलं. तरीही सोव्हिएत संघाच्या व्हेनेरा 4 मध्ये पाण्यात उतरण्याची सोय ठेवलेली होती. यानातून सुटून खाली उतरणारी कुपी तरंगावी अशी रचना होती, आणि अँटेना अडवून धरणारी कडी साखरेची होती. पाण्यात पडलं की साखर विरघळेल आणि अँटेना उघडेल. हातात होती तेवढ्या माहितीवर केलेली ती प्रामाणिक तयारी होती. शेजारच्या घरात कोणी कधी पाऊलच टाकलेलं नव्हतं.

व्हेनेरा 4 ची कुपी पृथ्वीच्या दहापट दाब सोसेल अशी बांधली होती. 18 ऑक्टोबर 1967 ला ती पॅराशूटनं 93 मिनिटं खाली उतरत राहिली. शेवटचं तापमान आलं 262 अंश सेल्सिअस, दाब पृथ्वीच्या साधारण वीसपट. यान जमिनीला टेकलं, असं जाहीर झालं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचं मरिनर 5 शुक्राजवळून गेलं. त्याच्या रेडिओ लहरी शुक्राच्या वातावरणातून ज्या तऱ्हेनं वाकून आल्या, त्यावरून जमिनीवरचा दाब पृथ्वीच्या 75 ते 100 पट निघाला. म्हणजे व्हेनेरा 4 जमिनीपासून पंचवीसेक किलोमीटर उंचीवर असतानाच गप्प झालं होतं.

पुढची जोडी, व्हेनेरा 5 आणि 6, जानेवारी 1969 मध्ये सुटायची होती. यानं बरीचशी बांधून झाली होती, नव्यानं घडवायला वेळ नव्हता. मग कुपी मजबूत करून 25 वातावरणांपर्यंत, म्हणजे पृथ्वीच्या 25 पट दाबापर्यंत, नेली आणि पॅराशूट लहान केले, म्हणजे चेपली जायच्या आत ती लवकर जास्त खोल पोहोचेल. 16 आणि 17 मे 1969 ला दोन्ही यानं पन्नासेक मिनिटं माहिती देऊन जमिनीच्या बऱ्याच वर चेपली गेली. खरी दुरुस्ती झाली ती व्हेनेरा 7 मध्ये. टायटॅनियमची कुपी, 180 वातावरणांचा दाब आणि 540 अंश सोसेल अशी.

धडा मिळाला 1967 ला आणि धातूत उतरला 1970 ला. मधली जोडी तो धडा अर्धवट घेऊनच गेली. हा कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. पुढचं यान बांधायला घेतलेलं असतं तेव्हा मागच्याचा निकाल अजून हाती आलेला नसतो, त्याला कोणीच काही करू शकत नाही. म्हणून ग्रहांच्या मोहिमांत दोन यानांनी शिकणं पुरं होत नाही. पहिलं सांगतं, दुसरं तोवर निघालेलं असतं, तिसऱ्यात ते सांगणं उतरतं.

व्हेनेरा 7 चं उतरणंही सुखरूप झालं नाही. 15 डिसेंबर 1970 ला उतरताना पॅराशूट फाटलं आणि कुपी सेकंदाला सुमारे 17 मीटर वेगानं जमिनीवर आदळली. हा वेग तासाला साठ किलोमीटरच्या वर जातो, पहाटेच्या रिकाम्या घोडबंदर रस्त्यावरच्या गाडीइतका. आदळल्यावर संदेश बंद पडला असंच सगळ्यांना वाटलं. काही आठवड्यांनी टेप पुन्हा तपासताना गोंगाटाखाली दबलेला, नेहमीच्या एक टक्का ताकदीचा संदेश सापडला. कुपी बहुधा कलंडली होती आणि अँटेनाचं तोंड पृथ्वीकडे राहिलं नव्हतं. 23 मिनिटांचा तो संदेश म्हणजे दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेले पहिले शब्द. पण वेगवेगळ्या मापकांची माहिती पाळीपाळीनं पाठवणारा स्विच तापमानावरच अडकला होता. त्यामुळे सगळा वेळ एकच गोष्ट कळत राहिली: 475 अंश. दाब त्यावरून हिशेबानं काढावा लागला.

कॅमेऱ्यांच्या झाकणांची कथा तर प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवावी अशी आहे. ऑक्टोबर 1975 मध्ये व्हेनेरा 9 आणि 10 यांनी शुक्राच्या जमिनीचे फोटो पाठवले. परक्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेले ते पहिले फोटो. प्रत्येक यानावर दोन कॅमेरे होते, आणि दोन्ही यानांवर एकेका कॅमेऱ्याचं झाकण उडालंच नाही. म्हणून चहूबाजूंचं दिसायच्या ऐवजी एकाच बाजूचं दिसलं. 1978 च्या व्हेनेरा 11 आणि 12 वर तर एकही झाकण उडालं नाही आणि एकही फोटो आला नाही. मार्च 1982 मध्ये व्हेनेरा 13 आणि 14 वर झाकणं नव्या रचनेची होती. सगळी उडाली, रंगीत फोटो आले. पण व्हेनेरा 14 चं एक झाकण नेमकं जिथं पडलं, तिथंच स्प्रिंगचा दांडा मातीचा टणकपणा मोजायला खाली आला आणि झाकणावर टेकला. झाकण ही यानावरची सगळ्यात साधी वस्तू. तिच्यामागे सात वर्षं आणि तीन जोड्या गेल्या. यातलं कुठलंही एक यान एकटंच सुटं पाठवलेलं असतं, तर झाकण का अडकलं हे शोधून सुधारायला पुढचं यानच नसतं.

शुक्राच्या जमिनीवर आजवर जेवढी यानं उतरून बोलली, त्या सगळ्यांच्या बोलण्याची बेरीज तेरा तासांच्या आसपास भरते. कोकणकन्येनं रात्री ठाण्याहून मडगावला जायला लागतो त्याहून थोडाच जास्त वेळ. त्यातलं सगळ्यात लांब बोलणं व्हेनेरा 13 चं, 127 मिनिटं. शेवटचं उतरणं व्हेगा 2 चं, जून 1985 मधलं. त्यानंतर चाळीस वर्षं तिथं काहीही उतरलेलं नाही.

इतकं अवघड काय आहे? बहुतेक जण दाबाचं नाव घेतात. शुक्रावर तो पृथ्वीच्या सुमारे 90 पट आहे. पण आपल्या रस्त्यावरच्या सीएनजी रिक्षाच्या सिलिंडरमध्ये गॅस 200 बारला (एक बार म्हणजे साधारण पृथ्वीवरच्या हवेचा दाब) भरलेला असतो, म्हणजे शुक्राच्या दुपटीहून जास्त, आणि दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (दाबाखाली पाणी भरून तपासणी) करून तो वर्षानुवर्षं फिरतो. फरक दोन आहेत. सिलिंडरचा दाब आतून असतो. भिंत ताणली जाते आणि ताण पोलाद चांगला सोसतं. शुक्रावर दाब बाहेरून येतो. तेव्हा भिंत ताणली जात नाही, ती आत दुमडते, आणि गोलाईत कुठं जरासा चपटा भाग राहिला असेल तर तिथूनच बसते. म्हणून कुपी गोल करतात आणि तिला भोकं कमीत कमी ठेवतात. दुसरा फरक उष्णतेचा, आणि खरा वैरी तोच. 460 अंशांत शिसं वितळतं, जस्तही वितळतं. सर्किट बोर्डावरचं नेहमीचं सोल्डर 183 अंशांलाच वितळून जातं. सिलिकॉनच्या साध्या चिप त्याच्या कितीतरी आधी हात टेकतात.

व्हेनेराचे लँडर यावर उपाय करत ते ऐरोली-दिव्याच्या कोळीवाड्यातल्या बर्फाच्या खोक्यासारखे. शुक्राच्या वातावरणात शिरायच्या आधी आतला भाग शून्याखाली दहा अंशांपर्यंत थंड करून ठेवायचा, भोवती जाड उष्णतारोधक थर, आणि आत लिथियम नायट्रेटचा एक स्फटिकजल असलेला क्षार. हा क्षार 30 अंशांच्या आसपास वितळतो आणि वितळताना आत शिरलेली उष्णता पिऊन घेतो. बर्फ शिल्लक आहे तोवर मासळी थंड, क्षार वितळायचा आहे तोवर यंत्रं थंड. क्षार संपला की तासा-दोन तासांत खेळ संपतो. या पद्धतीनं कितीही कसोशी केली तरी दिवसचे दिवस तिथं राहता येत नाही.

दिवसचे दिवस राहायचं तर यंत्रंच उष्णतेत चालणारी हवीत. अमेरिकेच्या क्लीव्हलँडमधल्या ग्लेन संशोधन केंद्रात सिलिकॉन कार्बाइडच्या चिप शुक्रासारख्या वातावरणाच्या भट्टीत, कसल्याही थंडाव्याशिवाय, 521 तास चालल्या. एकवीस दिवसांच्या वर. या साध्या चिप आहेत, आजच्या मोबाइलच्या तुलनेत बाळबोध. पण तापमान, दाब, वाऱ्याचा वेग मोजून दर काही तासांनी पाठवायला त्या पुरतात. तेरा तासांच्या शेजारी 521 तास ठेवून पाहा, म्हणजे पुढचं काम कुठं आहे ते कळतं. आणि हे काम रॉकेटवर होत नाही, भट्टीत होतं.

ही भट्टी कशी असेल, ते आकड्यांत सांगतो. एक मीटर व्यासाचं, सव्वा मीटर लांबीचं दाबपात्र घ्या. आतली जागा साधारण एक घनमीटर. शुक्राच्या जमिनीजवळ हवेची घनता घनमीटरला 65 किलोच्या आसपास आहे आणि ती हवा साडेशहाण्णव टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. म्हणजे पात्रात सुमारे 65 किलो वायू भरायचा. कारखान्यांना मिळतो तो सिलिंडर साधारण 30 किलोचा. शेवटचा वायू आतच राहतो हे धरून तीन सिलिंडर. कॉम्प्रेसर लागत नाही, कारण खोलीच्या तापमानाला एवढा वायू या पात्रात जेमतेम 30 बार दाब देतो आणि सिलिंडरचा स्वतःचा दाब त्याच्या दुप्पट असतो. झडप बंद करून विजेच्या हीटरनं पात्र 460 अंशांवर नेलं की तोच वायू स्वतःहून 90 बारला पोहोचतो. नायट्रोजन आणि किंचित सल्फर डायऑक्साइड मिसळलं की जमिनीवरच्या शुक्राची बरीच जवळची नक्कल तयार होते.

बिघडतं काय, तेही माहीत हवं. साधं कार्बन स्टील सव्वाचारशे अंशांच्या वर दीर्घकाळ ठेवलं तर त्यातल्या कार्बनचं ग्राफाइट होत जातं आणि ताकद घटते, म्हणून पात्र योग्य मिश्रधातूचंच लागतं. फ्लँजचे, म्हणजे पात्राच्या जोडाच्या कडेचे, बोल्ट तापून हळूहळू लांबतात, पकड ढिली होते आणि फट बंद करणाऱ्या गॅस्केटमधून गळती सुरू होते. पहिल्या तापवणीनंतर पात्र निवलं की ते ठरलेल्या टॉर्कनं पुन्हा आवळायला हवेत. तारा भिंतीतून आत नेण्याची जागा सगळ्यात नाजूक. धातू आणि सिरॅमिक वेगवेगळ्या वेगानं प्रसरण पावतात आणि जोडाला तडा जातो. हायड्रो टेस्टमध्ये पास झालेलं पात्र गरम वायूत सुरक्षित असेलच असं नाही. पाणी दबत नाही, फुटलं तर गळून जातं. 90 बारचा घनमीटरभर तापलेला वायू फुटला तर भिंत घेऊन जातो. म्हणून जाड भिंतीची वेगळी खोली, झडपा आणि काच बाहेरून, आणि माणूस आत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचतो, वास येत नाही. मापक आणि पंखा जमिनीलगत हवा.

यातलं एकही काम या पट्ट्याला नवं नाही. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, तळोजा इथं औषध आणि रसायनांच्या कारखान्यांसाठी रिअ‍ॅक्टर आणि ऑटोक्लेव्ह दशकानुदशकं बनत आणि दुरुस्त होत आले आहेत. जाड प्लेट वाकवणारे, मिश्रधातूची वेल्डिंग करणारे, त्या वेल्डिंगची रेडिओग्राफी करून दोष वाचणारे लोक इथं राहतात. खाडीपलीकडे विक्रोळीत गोदरेजमध्ये इस्रोच्या इंजिनांचे भाग बनतात. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, आणि शुक्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नसल्यामुळे सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा झोत, त्याच्या वरच्या वातावरणाला थेट कसा झोडपतो, हा प्रश्न अशाच संस्थेच्या अंगणातला आहे. हात आहेत, डोकी आहेत, मधे दोघांना जोडणारी एक शेड नाही. ही शेड इस्रोच्या पैशानं उभी राहावी आणि ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांना, छोट्या कारखान्यांना ठरावीक दिवस खुली असावी. डिप्लोमाच्या मुलांनी बनवलेली झाकणाची स्प्रिंग आत ठेवा, 460 अंशांवर भाजा, आणि ती उडते का पाहा. व्हेनेराची सात वर्षं गेली ती अशाच गोष्टीत.

भूचुंबकत्व संस्थेचं नाव आलंच आहे, तर मालिकेची किंमत समजायला तिच्याच घराण्यातलं एक उदाहरण पुरे आहे. 1859 च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ कुलाब्याच्या वेधशाळेच्या नोंदींत सापडतं, कारण तिथं रोजची नोंद चालू होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर मोजणीत खोट येऊ नये म्हणून ते काम 1904 मध्ये अलिबागला नेलं, बंद केलं नाही. त्या नोंदींवर शास्त्रज्ञ आजही काम करतात. शुक्राचंही तसंच. अमेरिकेच्या मॅगेलन यानानं 1990 ते 1994 मध्ये रडारनं जवळजवळ सगळा शुक्र, 98 टक्के, टिपला. त्यातली 1991 मधली, आठ महिन्यांच्या अंतरानं काढलेली एकाच जागेची दोन चित्रं 2023 मध्ये शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा माट पर्वताजवळच्या ज्वालामुखीचं तोंड जवळजवळ दुप्पट झालेलं दिसलं. शुक्राचे ज्वालामुखी आजही जागे आहेत, याचा तो पुरावा. एका चित्रात हे दिसलं नसतं. दोन लागली.

आपल्याकडेही दोन्ही नमुने डोळ्यांसमोर आहेत. 7 सप्टेंबर 2019 ला चांद्रयान-2 चा विक्रम लँडर चंद्रावर आदळला. इस्रोनं चार वर्षांत त्याची पाच इंजिनं चार केली, पाय जाड केले, इंधन वाढवलं, वेग मोजायला लेसरचं नवं यंत्र बसवलं, आणि उतरायची जागा 500 मीटर चौरसाऐवजी साधारण चार किलोमीटर लांब, अडीच किलोमीटर रुंद ठरवली. 23 ऑगस्ट 2023 ला लँडर उतरला. हे जगातल्या उत्तम मालिका-कामांपैकी एक आहे. दुसरा नमुना मंगळयानाचा. 5 नोव्हेंबर 2013 ला सुटलं, 24 सप्टेंबर 2014 ला मंगळाभोवती पोहोचलं, खर्च 450 कोटी, सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान आठेक वर्षं चाललं. ठाण्यात लोकांनी पेढे वाटले, ते रास्तच होतं. पण मंगळाकडे जायची संधी दर 26 महिन्यांनी येते. 2016, 2018, 2020, 2022, 2024 अशा पाच संधी आल्या आणि गेल्या, दुसरं यान गेलं नाही. त्या यानाचं सॉफ्टवेअर लिहिणारे, इंजिन तीनशे दिवस झोपवून उठवणारे लोक दुसऱ्या कामांना लागले, काही निवृत्त झाले. अनुभव फायलीत राहत नाही, माणसांत राहतो. शुक्राचं असं होऊ नये.

जपानच्या अकात्सुकीचं उदाहरण इंजिनासाठीच पाहावं. 7 डिसेंबर 2010 ला शुक्राभोवती वळताना इंजिन मधेच बंद पडलं. इंधन आणि ऑक्सिडायझर (इंधन जाळायला लागणारं रसायन) यांच्या वाफा एका झडपेत भेटून क्षाराचे स्फटिक झाले होते. हेलियमचा दाब कमी पडला, इंधन अपुरं गेलं, जळण वेडंवाकडं झालं आणि नोझल मोडलं. जपानी लोकांनी पाच वर्षं वाट पाहिली, निरुपयोगी ऑक्सिडायझर फेकून यान हलकं केलं, आणि 7 डिसेंबर 2015 ला दिशा सांभाळणारी छोटी इंजिनं वीसेक मिनिटं पेटवून ते शुक्राभोवती आणलं. जिद्दीला सलाम. पण जुळं यान असतं तर पाच वर्षं थांबावं लागलं नसतं. आपल्या ऑर्बिटरचं इंजिनही प्रवासात महिनोन्‌महिने गप्प राहून मग पेटणार आहे.

पैशाचा आक्षेप प्रामाणिक असतो, त्याला प्रामाणिकच उत्तर द्यायला हवं. घोडबंदरच्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकर मागवतात, तिथल्या माणसानं शुक्राचं नाव ऐकून कपाळाला आठ्या घातल्या तर तो चुकला नाही. त्याला एवढंच सांगावं की नव्या मुंबईत उतरणाऱ्या अटल सेतूला 17,840 कोटींहून अधिक लागले. शुक्राचे 1,236 कोटी त्याच्या चौदाव्या भागात येतात, आणि ते अवघ्या देशाचे. टँकरचा प्रश्न या पैशानं सुटत नाही, तो पाण्याच्या नियोजनानं सुटतो. खरी उधळपट्टी वेगळीच आहे: एवढं खर्चून एकच यान पाठवायचं आणि त्याचे साचे, चाचणी-उपकरणं, सॉफ्टवेअर, सरावलेली टीम एका उड्डाणानंतर मोडायची. युरोपनं व्हीनस एक्स्प्रेस मार्स एक्स्प्रेसच्याच आराखड्यावर बांधलं आणि मंजुरीपासून तीनेक वर्षांत, नोव्हेंबर 2005 मध्ये सोडलं. मॅगेलनची मोठी अँटेना व्हॉयेजरच्या सुट्या भागांतली होती. दुसरं यान पहिल्याइतकं महाग पडत नाही, कारण सगळ्यात महाग असतं ते पहिल्यांदा विचार करणं.

नासा आणि युरोपीय संस्था शुक्राकडे निघाल्याच आहेत, मग आपण कशाला, असंही विचारलं जातं. त्यांची नियोजित यानं मुख्यतः वरून पाहणारी आहेत, आणि नासाची डाविन्ची कुपी जमिनीपर्यंत मोजत जाणार असली तरी जमिनीवर टिकायला बांधलेली नाही. जमिनीवर मुक्काम करणारं यान आज कोणाच्याच हातात नाही. ती जागा मोकळी आहे.

आता वेळापत्रक. शुक्राकडे जायची सोयीची वेळ दर 584 दिवसांनी येते. असे पाच फेरे म्हणजे 2,920 दिवस, आणि आपली आठ वर्षं म्हणजे 2,922. त्यामुळे दर आठ वर्षांनी तीच मांडणी जवळजवळ जशीच्या तशी परत येते. मार्च 1972 मध्ये सात वेळा आठ मिळवा, मार्च 2028 येतो. व्हेनेरा 8 आणि कॉसमॉस 482 ज्या संधीत सुटली, तीच आपली आहे. पुढची नोव्हेंबर 2029 च्या आसपास. 2028 चं यान त्या वर्षी उन्हाळा-पावसाळ्यात शुक्रावर पोहोचेल, म्हणजे त्याचे धडे 2029 च्या यानात पुरते उतरणार नाहीत. तरी ते पाठवावंच, व्हेनेरा 5 सारखं, पहिल्याचं जुळं म्हणून, आणि त्यासाठी सुट्या भागांचा दुसरा संच पहिल्याबरोबरच मागवावा. तिसरी संधी जून 2031 ची. 8 जून 1975 ला व्हेनेरा 9 याच मांडणीत सुटलं होतं. आपला लँडर त्यात जायचा तर त्याचा आराखडा 2028 च्या सुमारास पक्का करावा लागेल. तोवर त्याच्या तारा, सील, झडपा आणि झाकणं भट्टीत शेकडो तास भाजून झालेली हवीत. म्हणजे तळोजा-महापेत कुठंतरी ती भट्टी पहिलं यान सुटायच्या आत पेटलेली हवी.